दत्ताराम घाडींचा डावा हात

गोष्ट आहे हाताची, पण सुरू झाली पिशवीपासून, म्हणून पिशवीचं आधी सांगायला हवं.

सुबोध सरांनी अक्षताच्या कागदांची चळत उचलली, एका हातात घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सरसर सोडली. कागदांवरचा म्हातारा चार पावलं चालला, दारापाशी आला आणि थांबला. हातात भाजीची पिशवी. सरांनी त्याला पुन्हा चालवला. मग तिसऱ्यांदा. मग चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "पिशवीत काय आहे?"

"भाजी, सर."

"भाजी नाही, वीट आहे. आणि पिशवीसुद्धा कापडाची नाही, पत्र्याची आहे. माणूस थांबला त्याच क्षणाला पिशवी थांबली? बघितलंस कधी असं? मला दाखव, मी तुला शिरा खाऊ घालतो."

शेजारच्या टेबलावरचा हर्षद फिस्सकन हसला आणि सरांनी बघितल्यावर तितक्याच घाईने आपल्या कागदात शिरला.

चकाल्याला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर हा स्टुडिओ. खाली खोके बनवतात, वर ही मंडळी माणसं बनवतात. सगळं जग कॉम्प्युटरवर गेलं तरी इथे अजून काचेखाली दिवा लावायचा, काचेवर कागद ठेवायचा, त्यावर दुसरा कागद, आणि पेन्सिलने पुढचं चित्र काढायचं. एका सेकंदाला बारा चित्रं. अक्षताला इथे लागून आठ महिने झाले होते, पण ते सगळे गेले भरणीच्या कामात. म्हणजे दुसऱ्याने पहिलं आणि पाचवं चित्र काढायचं, हिने मधली तीन भरायची. आता पहिल्यांदा सहा सेकंदांचा एक अख्खा शॉट तिला मिळाला होता. निवृत्त झालेला एक माणूस बाजारातून घरी येतो, एवढंच. सरांनी सांगून ठेवलं होतं, हा शॉट जमला तर फिल्ममधला पूर्ण म्हातारा तुझा. नाही जमला तर भरणी आहेच.

"हे बघ," सर जरा निवळले. रागावून झालं की ते नेहमी समजावत. "पाय चालतात ते माणसाच्या मनाने. बाकीचं सगळं त्यांच्या मागून येतं. हात मागून, हातातली पिशवी त्याच्या मागून, पिशवीतली कोथिंबीर तिच्याही मागून. माणूस थांबला तरी पिशवी अजून थोडी चालते, कारण तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ते मागून येणं काढता आलं तर माणूस जिवंत होतो. नाहीतर बाहुला. घरी जा, एखाद्या ओळखीच्या माणसाला चालताना बघ. व्हिडिओ काढ. आणि व्हिडिओवर कागद ठेवून गिरवायचं नाही हं, डोळ्यांनी बघून काढायचं."

मेट्रोने घाटकोपरला उतरून भटवाडीच्या चढावर पाय ओढताना अक्षता मनातल्या मनात सरांना चार शिव्या हासडत होती आणि तेवढ्यातच पुढे चाललेल्या प्रत्येक माणसाची पिशवी बघत होती. लाज वाटली तिला. खरंच की! एकसुद्धा पिशवी माणसाबरोबर थांबत नव्हती. चोवीस वर्षं ह्याच चढावर ये-जा केली, आणि हे दिसलं नाही?

ओळखीचा माणूस म्हटल्यावर लांब कुठे जायचं? घरात अण्णा होते.

अण्णा म्हणजे तिचे वडील, दत्ताराम घाडी. मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते, स्वतः अण्णाही दोन वर्षं तिथे बदली कामगार म्हणून लागले होते, तोवर संप आला. मग विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत पस्तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले. माणूस सरळ, बोलायला तिखट, आणि पखवाज असा वाजवायचा की भटवाडीचं भजनी मंडळ डबलबारीच्या सामन्याला उभं राहिलं की समोरची पार्टी आधी विचारायची, "घाडी आहेत काय?" पण गेल्या गणपतीच्या आधी ते मंडळातून बाहेर पडले. मंडळाचा नवा बुवा विशाल, पोरगेलासा, फिल्मी चालीत अभंग म्हणतो, आपल्याला पटत नाही, असं कारण दिलं. पखवाजाला खोळ चढली आणि तो कपाटावर गेला. शेवंती, म्हणजे अक्षताची आई, आठ दिवस कुरकुरली. मग तीही गप्प झाली. निवृत्त माणूस, रुसतोच कशावर ना कशावर, असंच सगळ्यांनी धरलं.

रविवारी सकाळी अक्षताने त्यांना गल्लीत उभं केलं. उजव्या हातात भाजीची पिशवी दिली. पिशवीत दोन कांदे, एक दुधी आणि वर कोथिंबिरीची जुडी.

"माका हिरो करतंस काय गो?" अण्णा म्हणाले. घरात मालवणी चाले ती अण्णांची आणि आईची. अक्षताला कळे सगळी, पण तिच्या तोंडात मुंबईचीच भाषा बसलेली. "पिशवी घेवन चाललेलो मनीस कोण बघतलो?"

"सगळे बघणार. अण्णा, प्लीज, नळापासून दारापर्यंत नुसतं या. नेहमी येता तसं."

ते चालले. तिने मोबाइल धरला. "अण्णा, डावा हात खिशात का घालता? बाहेर काढा ना. मला दोन्ही हात दिसायला हवेत."

अण्णा जरा थांबले. खिशात हात घालून चालायची ही त्यांची अलीकडचीच तऱ्हा होती. आई चिडवायचीही, म्हातारपणी ष्टाईल मारता म्हणून. अण्णांनी हात बाहेर काढला, पँटच्या कडेला नीट सोडला, आणि म्हणाले, "घे. झाला समाधान?"

सहा वेळा चालवलं तिने त्यांना. सहाव्या वेळी दारात थांबल्यावर पिशवी मस्त पुढे गेली, मागे आली, थोडी गोल फिरली आणि गुडघ्याला टेकून शांत झाली. अक्षता आनंदाने ओरडली, "झकास!" अण्णांनी हात पुन्हा खिशात घातला आणि आत गेले.

पुढचे अकरा दिवस ती त्या पिशवीत राहिली. बहात्तर चित्रं. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, बघायचा, बंद करायचा, मग काढायचं. पिशवीचे बंद कधी ताणतात, कधी सैल पडतात, दुधीचं टोक कुठल्या क्षणाला कापडातून वर येतं, पँटची घडी गुडघ्यामागे कशी मोडते, सदऱ्याचा खिसा मोबाइलच्या वजनाने कसा मागून हलतो. जेवताना तिची बोटं हवेत पिशव्या काढत. आई म्हणाली, पोरीक लागिर झाला.

बाराव्या दिवशी सरांनी चळत हातात घेतली. सोडली. पुन्हा सोडली. हर्षद मुद्दाम उठून मागे येऊन उभा राहिला.

"पिशवी जमली," सर म्हणाले. "कोथिंबीर तर फारच छान. पण बाई, ह्याचा डावा हात का मेला?"

"सर?"

"डावा हात बघ ना. खिळा ठोकून बसवल्यासारखा. उजव्या हातात ओझं आहे, तो कमी हलणार, कबूल. पण डावा मोकळा आहे. तो झुलायला नको? पाय पुढे गेला की उलट बाजूचा हात पुढे येतो, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात." त्यांनी चळत काचेवर ठेवली. "नवशिक्यांची ही चूक ठरलेली. ज्याच्याकडे लक्ष, तेच हलतं. पिशवीत इतकी गुंतलीस की माणसाचा हात विसरलीस. वाट लावलीस ना सगळ्याची?"

अक्षताची कानशिलं तापली. खरंच, कसं विसरलो आपण? अकरा दिवस डोळ्यांत तेल घालून बघत होतो आणि अख्खा हात राहिला? व्हिडिओ तिच्या खिशात होता. एकदा उघडून बघायचा, बस्स. पण माणसाला चूक दाखवली आणि दाखवणारा तीस वर्षांचा मुरलेला असला, की आपणच चुकलो हे इतकं पटतं की तपासायचं सुचतच नाही. तिने हर्षदला स्टुडिओच्या पॅसेजमध्ये हात मोकळे सोडून वीस वेळा चालवलं, त्याचा डावा हात बघितला, आणि चार दिवसांत बहात्तर चित्रांतला म्हाताऱ्याचा हात नव्याने काढला. खांदा आधी, मग कोपर, मग मनगट, आणि शेवटी बोटं, सगळ्यात मागून. आधीच्या चित्रांची चळत रबर लावून ड्रॉवरच्या तळाशी टाकली.

सरांनी नवी चळत सोडली, पुन्हा एकदा सोडली. मग म्हणाले, "आता चालला माणूस." बस्स, एवढंच. पण त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे आभाळ ठेंगणं. त्यांनी शब्द पाळला. म्हातारा तिला मिळाला, आणि खालच्या उडप्याकडून सगळ्यांना शिराही.

संध्याकाळी ती उड्या मारतच घरी आली. चित्रं एकामागोमाग जोडून सरांनी दिलेली चाचणीची फिल्म मोबाइलवर होती. आईला कणकेच्या हातांनीच ओढून आणलं, अण्णांना खुर्चीतून पुढे वाकवलं, आणि लावली.

"अगो बाई, ह्यो तर तुझो बापूस!" आई हरखली. "मान बघ, तसलीच. आणि पिशवी बघ! पुन्हा लाव, पुन्हा लाव." दुसऱ्यांदा बघताना ती हसली. "आणि हात बघ कसो झुलवता! लगीन झाला तेव्हा असोच चालायचो गो. माझी मावशी म्हणायची, जावई चलता काय परेड करता?"

अक्षता हसत होती, ती हसता हसता थांबली.

तेव्हा असे चालायचे.

तिने अण्णांकडे बघितलं. अण्णा मोबाइलकडे बघत नव्हते. ते आपल्या मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत होते. मग उठले, आणि पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.

ती गॅलरीत गेली आणि तिने रविवारचे व्हिडिओ उघडले. पहिला. दुसरा. तिसरा. सहाच्या सहा. नळापासून दारापर्यंत उजव्या हातात पिशवी झुलत होती, आणि डावा हात कोपरात जरा वाकून कमरेपाशी तसाच होता. एकदाही हलला नव्हता. म्हणजे ती विसरली नव्हती! तिच्या डोळ्यांनी बरोबर बघितलं होतं, पेन्सिलने बरोबर काढलं होतं. बहात्तर चित्रांत तो हात मेलेला होता, कारण तो तसाच होता. आणि तिने काय केलं? सरांनी चूक म्हटल्यावर तो खोडून दुसऱ्याचा हात बसवला, वर शिरा खाल्ला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मग तिने मोबाइलमध्ये मागे मागे जाऊन मामेबहिणीच्या, गंधालीच्या लग्नाचा व्हिडिओ काढला. तीन वर्षांपूर्वीचा. त्यात अण्णा हॉलच्या पायऱ्या उतरून येत होते. दोन्ही हात मोकळे, दोन्ही झुलणारे. ती मोबाइल घेऊन तशीच आत आली.

अण्णा स्वयंपाकघरात उभे होते. पाण्याचा पेला तसाच भरलेला. अक्षताने आईच्या देखतच विचारलं. घाडींच्या घरात आडवळणाने बोलायची पद्धत नाही.

"अण्णा, मंडळ विशाल बुवामुळे सोडलंत?"

अण्णांनी पेला ओट्यावर ठेवला. "बुवाचो काय दोष नाय," ते म्हणाले. "पोरगो बरो गाता."

"मग?"

"डावो हात मागसून येता." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "उजवो पडता वेळेर. डावो पडता, पण मागसून. पयल्यांदा वाटला, कणीक बरी बसली नाय. घट्ट लावून बघितलंय, पातळ लावून बघितलंय. कणकेचो दोष नाय. मग म्हटला, कोणी बोलूच्या आधी आपणच उठलेला बरा."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. आधी हा माणूस त्या कणकेला दोष देत राहिला आणि मग विशाल बुवाला. आईने पदर तोंडाला लावला. कणकेचे पांढरे डाग पदराला लागले, तिला कळलंही नाही.

"सांगायचंत ना आम्हाला!" अक्षताचा आवाज चढला. रडू येत होतं म्हणून ती ओरडत होती. "वर्ष झालं अण्णा! हात खिशात घालून फिरता आणि आम्ही ष्टाईल म्हणून हसतो. डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"हात दाखवून अवलक्षण कित्याक?" अण्णा म्हणाले. नेहमीसारखं, तिखट.

न्यूरोच्या डॉक्टरीणबाई वयाने अक्षतापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी अण्णांना पॅसेजमध्ये चालवलं. अंगठा आणि पहिलं बोट भराभर एकमेकांवर टेकवायला लावलं. उजव्या हाताची बोटं चिमणीच्या चोचीसारखी उघडझाप करत राहिली. डाव्याची आठदहा वेळा उघडली, मग कमी कमी, मग नुसती थरथरून चिकटून राहिली. त्या सगळं शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पार्किन्सन्स दिसतोय, काका. कंपवात म्हणतात आपल्याकडे."

"पण ह्यांचा हात कापत नाही," आई झटकन म्हणाली. जणू चूक सापडली, आता आपण घरी जायचं.

"काहींचा उशिरा कापतो, काकू. काहींचं आधी हे जातं. चालताना हात झुलतो ना, तो आपण झुलवत नाही, आपोआप झुलतो. ते आपोआप होणं बंद होतं." त्यांनी अक्षताकडे बघितलं. "कधीपासून आहे, काही अंदाज?"

अक्षताने दोन्ही व्हिडिओ पुढे केले. लग्नातला आणि भटवाडीतला. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा बघितले. "असं कुणी घेऊन येत नाही," त्या म्हणाल्या. "घरच्यांना दिसतच नाही बहुधा. रोज बघतात ना."

गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी फरक पडेल, पण हे मुळातून जाणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. माणसं ह्याच्यासकट बरीच वर्षं चांगली जगतात, हेही सांगितलं. आणि व्यायाम. "काका, आता हात आपण होऊन येणार नाही. त्याला बोलवावं लागेल. प्रत्येक पावलाला मनात म्हणायचं, हात पुढे. मोठा झुलवायचा, लोक हसले तरी. ताल धरून चाललात तर सोपं जाईल."

"ताल?" अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली.

दुसऱ्या दिवशी अक्षताने ड्रॉवरच्या तळातून रबर लावलेली चळत काढली आणि सुबोध सरांपुढे ठेवली. नवीही ठेवली. आणि सगळं सांगितलं, रडत रडत नाही, सरळ सांगितलं.

सरांनी जुनी चळत हातात घेतली. सोडली. म्हातारा चालला, पिशवी झुलली, डावा हात कमरेपाशी राहिला. त्यांनी चष्मा काढला.

"मी म्हटलं तुला, डोळ्यांनी बघून काढ," ते म्हणाले. "तू बघून काढलंस. आणि मी न बघताच चूक म्हटलं. तीस वर्षांत हजारदा ही चूक काढली असेल, त्यामुळे इथेही तीच दिसली." थोडा वेळ ते नुसते कागदांच्या कडा सारख्या करत राहिले. "विचारलं मात्र नाही, की हा चालतो कुणासारखा. तेवढं विचारायला हवं होतं गं. माफ कर."

सरांना माफी मागताना त्या स्टुडिओत कुणी बघितलं नव्हतं. हर्षद पेन्सिलला टोक करत बसला, टोक केव्हाच झालं होतं तरी.

"आता कुठला ठेवायचा, ते तू ठरव," सर म्हणाले. "पण एक सांगतो, हा जुना ठेवलास तर बघणारे म्हणतील, काढणारीच चुकली."

"मी नाही ठरवणार," अक्षता म्हणाली. "ज्याचा हात आहे तो ठरवेल."

त्या शनिवारी अण्णा पहिल्यांदा लेकीच्या कामाच्या जागी आले. इस्त्रीचा सदरा घालून, हात खिशात न घालता. सरांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, काचेखालचा दिवा लावला आणि दोन्ही चळती समोर ठेवल्या. कागद कसे धरायचे आणि कसे सोडायचे ते अक्षताने दाखवलं. पखवाज्याचा अंगठा तो, दुसऱ्या वेळीच जमलं.

अण्णांनी आधी झुलत्या हाताचा माणूस चालवला. पुन्हा चालवला. चारपाच वेळा. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं आणि जात होतं. मग दुसरी चळत घेतली. ती एकदाच सोडली आणि खाली ठेवली.

"ह्यो ठेव," त्या दुसऱ्या चळतीवर हात ठेवून ते म्हणाले.

"अण्णा, लोकांना वाटेल—"

"वाटूंदे. वरीसभर लपवलंय, काय गावला माका? पखवाज गेलो, मंडळ गेला, घरात चोर झालंय. आता लपवूचा नाय. जसो आसा तसो ठेव." मग त्यांनी झुलत्या हाताची चळत उचलली आणि हलकेच विचारलं, "ह्ये कागद मात्र माका दी. शिकूक होये."

सर उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

आता रोज सकाळी सात वाजता बापलेक गल्लीत असतात. बहात्तरातली बारा चित्रं अण्णांनी दाराच्या आतल्या बाजूला ओळीने चिकटवलीत. खांदा, कोपर, मनगट, बोटं. बाहेर पडायच्या आधी ते तिथे उभे राहून एकेका कागदावर बोट ठेवतात, पखवाजाचे बोल घोकावेत तसं. मग उजव्या हातात पिशवी घेतात, कारण दूध आणायचंच असतं, आणि तोंडाने ठेका धरून निघतात. धा दिं ता, धा दिं ता. प्रत्येक धा ला डावा हात पुढे. बोलावला की येतो. मागून येतो, पण येतो. अक्षता शेजारून चालते आणि फक्त हात बघते. आठ महिने ती कागदावरच्या निर्जीव माणसांना हेच सांगत होती, आता हे हलव, आता ते हलव. बापाला सांगायला लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

परवा परत येताना अण्णा छान लयीत होते. नळापासून निघाले, हात मोठा झुलत होता, शेजारच्या नलिनीकाकू बघत होत्या आणि अण्णांना त्याची फिकीर नव्हती. चढाच्या मध्यावर वरून, गॅलरीतून आईने हाक मारली, "अहो, विशाल बुवा इलो हा! तुमका भेटूक!"

अण्णांनी मान वर केली. चेहरा उजळला. ठेका तुटला. ते जागच्या जागी उभे राहिले, वर बघत, तोंडावर हसू घेऊन. डावा हात अर्ध्यावरून गळून कमरेपाशी आला आणि तिथेच राहिला. त्यांना कळलंही नाही. उजव्या हातातली दुधाची पिशवी मात्र पुढे गेली, मागे आली, थोडी गोल फिरली.

अक्षता पिशवी थांबेपर्यंत बघत राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "हात."

"हां हां," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ठेका धरला.